माहिती देणाऱ्याचे नाव

"गंगाधरराव, हे सगळं मनानेच रचून लिहिलं, असं लिहून द्या. विषय संपला," पोलीस साहेब म्हणाले आणि माझाच लेख छापून माझ्यापुढे सरकवला.

'आठवा रस्ता' हा ब्लॉग मी टोपणनावाने लिहितो. चार वर्षं बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता. पण सरकारने विचारल्याबरोबर ब्लॉगवाल्या कंपनीने माझं नाव, फोन, सात रस्ता चौकातलं घर, सगळं देऊन टाकलं. मला विचारावं असं कुणाला वाटलंही नाही!

निमित्त काय, तर अंगणवाडीतली खाऊची पाकिटं. मुदत संपल्याच्या तारखेवर एका पुढाऱ्याच्या फोटोचं स्टिकर डकवलं होतं. मी फोटोसकट तेवढंच लिहिलं. लगेच नोटीस: मजकूर खोटा आहे, काढून टाका.

"खोटं नाही, साहेब. स्टिकर सोलून बघा की."

"सांगणारा कोण? नाव नाही, गाव नाही. घरात बसून काहीही रचता तुम्ही लोक."

रचता! माझं डोकंच सणकलं. बत्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, बिननोंदीचा कागद कधी पुढे जाऊ दिला नाही. ब्लॉगसाठीही तशीच वही ठेवली होती. तारीख, विषय, माहिती देणाऱ्याचे नाव. पुरावा म्हणून आणलेली ती वही मी पिशवीतून काढून टेबलावर आपटली.

"घ्या! बघा, रचलंय का ते."

साहेबांचं बोट रकान्यावरून सावकाश खाली आलं. मग मोबाइल काढून त्यांनी पानापानाचे फोटो घेतले.

"छान ठेवलीय," ते म्हणाले, अगदी मनापासून. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"साहेब, गरीब माणसं आहेत ती. मी लेख काढतो. ब्लॉगच बंद करतो."

"ते तर कराच."

आठवड्याने मी एसटीने मैंदर्गीपलीकडच्या खेड्यात गेलो. पाकिटांचं मला सांगणारी नागूबाई तिथल्या अंगणवाडीत मदतनीस. भर दुपारी ती घरीच होती.

"कामावर येऊ नगं म्हनलेत," ती म्हणाली. "अण्णा, माजं नाव कुटं येनार न्हाय म्हनला हुता की तुमी."

"छापलं नाही गं मी."

"मग त्यास्नी कसं कळलं?"

"वहीत लिहून ठेवलं होतं."

"कशाला?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला स्वतःचा भयंकर राग आला. तिने चहा पुढे ठेवला.

एवढ्यात शेजारीण दारातून डोकावली. "कोन आलंय गं?"

नागूबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पावनं हायती, होटगीचं," ती खोटंच बोलली, आणि माझं नाव तिने सांगितलं नाही.