डॉक्टर बसल्या

आयसीयूच्या काचेपलीकडे डॉक्टर शर्वरींनी स्टूल ओढलं आणि त्या श्रीधररावांच्या पलंगाशी बसल्या, तशा मंगलाबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

“तुषार, घरी जा. देवघरातला गंगेचा गडू घेऊन ये. तुळशीचं पान आण. आणि हत्यारांच्या डब्यातली पेंचिस पण.”

“आई, झालं काय?”

“डॉक्टर बसल्या.”

तुषारला काही कळेना. मंगलाबाईंना मात्र पक्कं ठाऊक होतं. एरवी डॉक्टर यायचे तेच घोड्यावर बसून. रोग्याच्या उशाशी बसलेला डॉक्टर त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, सासूबाईंच्या वेळी. आणि तो उठला तो मान हलवतच.

शिवाय बसण्याआधी शर्वरींनी मशीनचा आकडा खाली आणला होता. त्या आकड्यावर मंगलाबाई डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या. साध्या तापाचं निमित्त झालं आणि नवऱ्याची फुफ्फुसं सुजून कडक झाली. मशीन श्वास देतं आणि श्वास सोडल्यावरही थोडा दाब आत राखतं, म्हणजे फुफ्फुसं मिटून जात नाहीत, असं शर्वरींनी समजावलं होतं. मंगलाबाईंनी त्यातून आपल्यापुरतं एवढंच घेतलं की जास्त दाब म्हणजे जास्त जोर. सकाळी आकडा चढत गेला तसा त्यांना धीर येत गेला होता. आता तो उतरवला आणि बाई बसली! हात टेकले म्हणायचे, दुसरं काय?

“अगं, आधी विचारू तरी त्यांना.”

“विचारून काय, तोंडाने सांगणार आहेत त्या? जा तू.”

गडू सासूबाईंनी काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला. माणूस निघाला की तो फोडायचा आणि तुळशीच्या पानाने दोन थेंब तोंडात घालायचे, ही घरची रीत. टावर चौकातल्या गर्दीतून स्कूटर काढत तुषार परतला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. त्याने पिशवी आईच्या हातात दिली.

दाराशी गार्डने अडवलं. “अम्माजी, अभी मिलने का टाइम नहीं है.”

“टाइम ही तो नहीं बचा, भैया. जाने दो.”

तो बिचारा बाजूला झाला.

शर्वरी एक हात श्रीधररावांच्या मनगटावर ठेवून मशीनच्या पडद्याकडे बघत होत्या. मंगलाबाईंनी गडू टेबलावर ठेवला आणि त्याच्या तोंडाला पेंचिसची पकड लावली. तोंड पक्कं बंद होतं, पेंचिस नुसती सटकत राहिली. त्या खरखरीने शर्वरींनी मान वळवली.

“काकू, हे काय?”

“शेवटचं पाणी. दोनच थेंब घालते. तुम्ही... बसलात ना.”

शर्वरींनी एकदा गडूकडे पाहिलं, एकदा आपल्या स्टुलाकडे.

“अहो नाही, काकू! ठेवा ती पेंचिस. आणि तोंडात थेंबभरसुद्धा पाणी घालायचं नाही, नळी आहे त्यांना. सकाळी मी दाब वाढवून पाहिला. ऑक्सिजन जरासा वाढला, पण बीपी पडायला लागलं. फुफ्फुसं नको तेवढी ताणली जात होती. पुरणपोळीत पुरण जास्त झालं तर काय होतं?”

“फुटते.”

“तेच. म्हणून कमी केला. प्रत्येकाला सोसेल तो दाब वेगळा. आकडा बदलला की शेजारी बसून बघावंच लागतं. त्यासाठी बसलेय मी.”

“म्हणजे हे...”

“धोका टळलेला नाही, खोटं सांगणार नाही. पण बीपी बघा, वर येतंय. आणि मी इथून हलत नाहीये.”

शर्वरींनी पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

“बाई गं, जीव घेतला होतास माझा!” मंगलाबाई धपकन बसल्या. तुम्हीचं तू कधी झालं, ते त्यांनाही कळलं नाही. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, “सकाळपासून चहा तरी घेतलास का?”

महिन्याभराने श्रीधरराव घरी आले ते काठी टेकत आणि कुरकुरतच. वरण पातळ झालं, पंखा फार जोरात आहे. ती कुरकुर मंगलाबाई कान भरून ऐकायच्या. एकदा देवपूजा करताना श्रीधररावांनी विचारलं, “गडूवर हे ओरखडे कसले गं?”

“काही नाही. घासताना पडले.”

गडू बंदच होता. मंगलाबाईंनी पुरणपोळ्यांचा डबा भरला आणि त्या माधव नगरहून रिक्षाने हॉस्पिटलात गेल्या. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं मनात जुळवलं होतं. अशा उपकाराला नुसतं थँक्यू कसं पुरावं!

काचेपलीकडे शर्वरी दुसऱ्याच कुणाच्या पलंगाशी स्टुलावर बसल्या होत्या. अलीकडे बाकावर एक बाई तोंडात पदर कोंबून रडत होती.

गार्डने मंगलाबाईंना ओळखलं. “बुला दूँ मैडम को? आप तो घर की हो.”

“नहीं भैया. बिलकुल मत उठाना उनको.”

जुळवलेले शब्द त्यांनी मनातच ठेवले. मग बाकावर त्या बाईला खेटून बसल्या. डब्याचं झाकण उघडून एक पोळी तिच्या हातावर ठेवली.

“डॉक्टर बैठ गई, माँजी,” ती हुंदका देत म्हणाली.

“हाँ, बैठी है,” मंगलाबाई म्हणाल्या. “हमारे पास भी बैठी थी.”