ओटीचा नारळ

"काकू, तुमच्याकडे बघूनच मी हो म्हटलं. मंगळवारची डेट मिळालीय," प्रतिमा म्हणाली, आणि कुंकू लावायला निघालेलं सुहासिनीचं बोट वाटेतच थांबलं.

सत्त्याऐंशी सालचं संक्रांतीचं हळदीकुंकू. इथे अमेरिकेत, आयसेलिन गावात सुट्टी शनिवारी, मग संक्रांतीनेही जरा जुळवून घ्यायला नको का! बाकीच्या बायका तिळगूळ घेऊन, कोट चढवून गेल्या होत्या. प्रतिमा मुद्दाम मागे राहिली होती. सुहासिनीसारखाच तिच्याही कमरेतला मणका पुढे सरकला होता. पोटची लहानगी लेक सोनू, तिलाही उचलता येईना, म्हणून सर्जनने मणके जोडायचं ऑपरेशन सांगितलं होतं.

सुहासिनीचं तेच ऑपरेशन त्याच सर्जनने दीड-दोन वर्षांपूर्वी केलं होतं. खुब्याजवळचं हाड काढून मणक्यांपाशी बसवलं, आणि कितीतरी महिने कडक पट्टा बांधून ठेवला. शेवटी एक्स-रे उजेडाला लावून सर्जन म्हणाला, "ब्यूटिफुल!" हाड छान एकजीव झालं होतं. मग त्याने विचारलं, "हाऊ आर यू?" आणि ही म्हणाली, "फाइन, डॉक्टर. थँक यू." आता एवढी मेहनत घेतलेल्या माणसाच्या तोंडावर दुखतंय कसं म्हणायचं? कुणी कशी आहेस विचारलं, की बरी आहे म्हणावं, रडगाणं लावू नये, हे आईने लहानपणीच अंगी मुरवलेलं. त्यानंतर ती सगळ्या गावासाठी 'बरी'च होती.

खरं काय होतं? अहो, तेच तर तिला कळत नव्हतं! पायातली कळ गेली होती, देवाशपथ. पण कंबर सकाळी ओंडक्यासारखी व्हायची, आणि हाड काढलेली जागा दिवसभर ठणकायची. जुनं दुखणं जाऊन नवं आलं, की जुन्यानेच घर बदललं? कधी वाटे, आपण सुटलो. कधी वाटे, फसलो. आणि फसवलं कुणी म्हणावं, तर कुणीच नाही. एक्स-रे खरा की कंबर खरी, या घोळात तिचं वर्ष गेलं होतं.

"आता काही दुखत नाही ना, काकू?"

"छे गं! बरी आहे मी." जिभेला तेच वळण. बोलून गेली, आणि मंगळवार आठवला.

ती ओटी भरू लागली. तांदूळ पदरात पडले, नारळ मात्र निसटला आणि गडगडत डायनिंग टेबलाखाली गेला. प्रतिमा वाकली आणि "आई गं!" म्हणून अर्ध्यातच खुर्चीला धरून राहिली.

"तू राहू दे."

सुहासिनीने टेबलाची कड धरली. पाठ ताठ ठेवून एक गुडघा टेकला, मग दुसरा. हे ती कुणासमोर करत नसे, अगदी नवऱ्यासमोरही नाही. नारळ हाती आला, पण उठताना मधेच अडकली. डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही.

प्रतिमाने तिला हात दिला. "काकू, अहो, तुम्हाला तर..."

"दुखतं. रोज दुखतं. पायातली कळ गेली म्हणून रात्री झोप लागते, तेही खोटं नाही. पण वाकता येत नाही."

"मग मी सोनूला उचलू शकेन का?"

"नाही सांगता येत गं. माझ्या घरात उचलायला कुणी लहान नव्हतंच." सुहासिनीने नारळ नीट तिच्या पदरात घातला. "सोमवारी तपासणीला जाशील, तेव्हा सर्जनला हेच विचार. मी येते बरोबर. तुझी सक्सेसफुल काकू कशी उठते, तेही बघू दे त्याला एकदा."

निघताना प्रतिमा सवयीने पाया पडायला वाकू लागली. सुहासिनीने तिचे खांदे धरले. "पोचला गं नमस्कार. उभीच राहा."

ती गेली, तेवढ्यात सुहासिनीचे यजमान श्रीरंगराव अंगणातलं बर्फ लोटून आत आले. बूट काढता काढता त्यांनी नेहमीसारखंच, वर न बघता विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?"

"बरी..." ती थांबली. "नाही. दुखतंय हो मला."

श्रीरंगरावांनी वर बघितलं, एक बूट हातातच. मग तशाच एका बुटाने, कार्पेटवर बर्फ सांडत, ते तिच्यासाठी खुर्ची घेऊन आले.