सरांच्या मानेखालची उशी

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची उशी आहे. मऊ आहे, गुबगुबीत आहे आणि एका भल्या माणसाचा जीव माझ्यापायी गेला आहे. उशीच्या तोंडी हे शोभत नाही म्हणाल, तर म्हणा बापडे. गोड गोड बोलण्याचं माझं वय सरलं आता.

काकूंच्या आईने लेकीच्या लग्नात मला भरलं. कापूस निवडून, पिंजून घेऊन, दाबून दाबून. "जावयाची मान अवघडायला नको," असं म्हणत तिने शेवटचा टाका घातला. जावई म्हणजे आमचे सर. शाळेत गणित शिकवायचे. वर्गात कुणाला डुलकी लागली, की यांचा खडू नेमका त्याच्या कपाळावर. झोपाळू मुलांचा त्यांना भारी राग.

आणि घरी? घरी सर असे घोरायचे, की फळीवरची भांडी जागी व्हावीत! "आई, बाबांनी गिरणी सुरू केली बघ," लेक म्हणायची आणि घरभर हशा पिकायचा. मला हसू यायचं नाही. त्यांचं डोकं माझ्यावर असायचं ना, मला सगळं कळायचं. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडायचा. झोपेत सैल पडलेली जीभ मागे सरकून घशातली हवेची वाट अडवायची. छाती नुसतीच धडपडायची. मी मोजायची. दहा, पंधरा, वीस... मग काकू अर्धवट झोपेत कोपर मारायच्या, "अहो, कुशीवर वळा की!" सर वळायचे, वाट मोकळी व्हायची. काकूंना वाटायचं, आपण कटकट थांबवली. रोज आपण नवऱ्याला वाचवतोय, हे त्या माउलीला कुणी कधी सांगितलंच नाही.

पुढे सरांच्या पोटाची तक्रार सुरू झाली. झोपेचं इंजेक्शन देऊन दुर्बिणीतून तपासणी करायची ठरली. "तिथल्या उशा कसल्या असतील कोण जाणे," म्हणत काकूंनी मला पिशवीत कोंबलं.

डॉक्टर निघाला सरांचाच विद्यार्थी. "सर, तुमचा खडू अजून आठवतो हं," असं म्हणून हसला आणि कागद पुढे ओढून विचारू लागला. "झोपेत घोरता का? मध्येच श्वास अडकतो का?"

सर ताठ झाले. "छे, छे! आपल्याला नाही तसली सवय."

ज्याला डुलकीसाठी खडू मारला, त्याच्यासमोर घोरतो म्हणून कसं सांगायचं? डॉक्टरने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? मी पिशवीत आक्रोश करत होते, अहो काकू, बोला, आता तरी बोला! पण कागदावर 'नाही' पडलं आणि सगळे निश्चिंत झाले.

तपासणीत काहीच निघालं नाही. पोट ठणठणीत होतं, मित्रांनो.

गुंगी उतरेपर्यंत सरांना शेजारच्या खोलीत आणलं. चार खाटा आणि सिस्टर एकटी. तिने सरांना कुशीवर निजवलं, हनुवटी वर केली, बोटाला प्राणवायू मोजणाऱ्या यंत्राचा चिमटा लावला. "काकू, पूर्ण जाग येईपर्यंत उशी द्यायची नाही. असंच कुशीवर राहू दे." का, ते सांगायला तिला उसंतच मिळाली नाही. पलीकडच्या खाटेवरच्या बाईला उलटी होऊ लागली आणि ती तिकडे धावली.

काकूंचा जीव तुटत होता. "मान बघा कशी वाकडी पडलीय यांची. काय मेली माणसं तरी!" त्यांनी सरांना हळूच उताणं केलं आणि मायेने मला डोक्याखाली सरकवलं. सरांची हनुवटी छातीला टेकली. चिमटा बोटातून निसटला, यंत्र ओरडू लागलं. ते सकाळपासून उगाचच ओरडत होतं, म्हणून कुणी ढुंकून पाहिलं नाही.

सर घोरू लागले. काकू कावऱ्याबावऱ्या झाल्या. दाराबाहेर डॉक्टर उभा होता, त्याने ऐकलं म्हणजे? तेवढ्यात घोरणं थांबलं. "बाई गं, थांबले एकदाचे," त्या पुटपुटल्या आणि पदराने सरांना वारा घालू लागल्या.

मी मोजत होते. वीस. चाळीस. शंभर. कोपर काही आलं नाही. मला सरकता येत नाही हो, मित्रांनो! मी नुसती मऊ राहिले.

सिस्टर परतली, तिने मला हिसकून कोपऱ्यात भिरकावलं, सरांचा जबडा वर उचलला, तोंडावर मास्क धरला. डॉक्टर धावत आला. फार उशीर झाला होता.

काकूंनी रडत रडत सिस्टरचा हात धरला. "त्यांना त्रास नाही ना झाला? मी उशी दिली होती हो शेवटी."

सिस्टर म्हणाली, "नाही काकू. शांत होते." खरं सांगायला छाती लागते आणि त्या दिवशी ती कुणाकडेच नव्हती. पुढे त्या खोलीत पाटी लागली, 'रुग्णास उशी देऊ नये.' का देऊ नये, ते पाटीवरही नाही.

आता काकू मला उराशी धरून येईल त्याला सांगतात, "शेवटी यांची मान अवघडू दिली नाही मी." काल समोरची वहिनी आली होती. सोमवारी तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे. काकू कळवळून म्हणाल्या, "सिस्टर नको म्हणेल. तू ऐकू नकोस. घरची उशी ने." वहिनीने मान डोलावली.

मित्रांनो, घोरण्याला हसू नका आणि डॉक्टरांपासून ते लपवू नका. गुंगीतल्या माणसाला सिस्टरने ठेवलंय तसंच राहू द्या, त्याचा श्वास चालतोय ना ते बघत राहा. रस्त्यात कुणी बेशुद्ध पडला, तर दया येऊन त्याच्या डोक्याखाली दप्तर सारू नका. आणि सोमवारच्या आत कुणीतरी त्या वहिनीला गाठा, तिला सगळं सांगा. फक्त सांगताना काकू जवळपास नाहीत ना, तेवढं बघा.