काचेच्या घुमटातली ताई

मित्रांनो, मी एक जुने अंतराळयान आहे. उगाच मान वर करून आकाशात शोधू नका. मी कपाटाच्या वरच्या फळीवर, बंद पडलेल्या घड्याळाशेजारी बसले आहे. लांबी हातभर, उजवा पंख तुटलेला, अंगावर बोटभर धूळ. उभ्या आयुष्यात मी उडून टेबलापासून दोन वितींच्या वर कधी गेले नाही. तरीही मी फार थकले आहे.

मला घडवले ते कवळ्या बनवणाऱ्या एका माणसाने. पन्नाशी उलटली, टक्कल पडले, तरी मोठी बहीण त्याला ‘छोट्या’च म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. लोकांच्या खोट्या हिरड्या करून उरलेल्या गुलाबी प्लास्टिकचे माझे पोट आहे. इंजिने म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणे. चालकाच्या जागेवर एक फुगीर काच बसवली, तो माझा घुमट. वरून राखाडी रंग चढला, तेव्हा कुठे माझी लाज झाकली गेली.

रविवारी दुपारी मागच्या खोलीत माझे उड्डाण असे. भिंतीवर काळे कापड लावायचे, बाजूला टेबललॅम्प ठेवायचा. तोच आमचा सूर्य. माझ्या पाठीत एक जाड तार खोचलेली असे, ती धरून ताई उभी असे आणि छोट्या माझे फोटो काढत असे. स्टँडवर मी वाळत घातलेल्या मोज्यासारखे दिसते, असे छोट्याचे म्हणणे होते. ताईच्या हातात मात्र मी खरोखर वळण घेत असल्यासारखे झुकत असे.

“ताई, हलू नकोस.”

“मी कुठे हलतेय? श्वास हलतोय.”

“मग तोही धर.”

“धरते. पण आटप लवकर. नाहीतर तुझं विमान पडेल आणि त्याच्यावर मी.”

“विमान नाही गं, यान!”

“बरं बाबा, यान.”

मग ती ओठ घट्ट मिटून श्वास धरायची. आठवडाभर कापडाच्या दुकानात उभी राहून तिचे पाय सुजलेले असत. रविवारी पुन्हा इथे उभी. तिच्या बोटांची ऊब मला पाठीतून कळत असे, आणि थकवाही.

त्यानंतर छोट्या संगणकापुढे बसे. आधी फोटोतली तार पुसायची, मग ताईची बोटे, एकेक करून. मागे तारे लावायचे; ते म्हणजे काळ्या कापडावर मीठ शिंपडून काढलेला दुसरा फोटो. शेवटी घुमट. त्या काचेत समोर वाकलेल्या ताईचा चेहरा उमटायचा. गालापासून चष्म्यापर्यंत तो अगदी मन लावून पुसत जाई. आणि झाले की पुसलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी साठवून टाकी. “मूळ ठेवून करायचंय काय? नुसती जागा खातात,” असे त्याचे ठरलेले वाक्य होते.

लोक फोटो बघून तोंडात बोटे घालत. “तार कुठे आहे हो? दिसतच नाही!” छोट्याची छाती फुगायची. तेव्हा ताई मागच्या खोलीत सांडलेले मीठ झाडत असे.

एका वर्षी प्रदर्शनात त्याने काढलेला माझा फोटो लागला. चांगला दाराएवढा मोठा छापलेला. खाली टेबलावर मलाही मांडले होते. पडदा सरला आणि छोट्याच्या तोंडचे पाणी पळाले. घाईघाईत घुमट पुसायचा राहून गेला होता. संगणकावर मसुरीएवढा दिसणारा ठिपका इथे अंगठ्याच्या नखाएवढा झाला होता. चष्मा, विस्कटलेले केस, घट्ट मिटलेले ओठ. ताईच!

“काढतो. आत्ता खाली काढतो,” तो पुटपुटला.

तेवढ्यात एक आजीबाई पुढे झाल्या. “अगंबाई, यान चालवणारी बघा! किती जपून चालवतेय बिचारी!”

सगळे तिकडे धावले. ताईही जवळ गेली, चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिली.

“राहू दे, छोट्या,” ती म्हणाली. “इतकी वर्षं बाहेरून धरलं. एकदा आत बसू दे मला.”

फोटो राहिला. पुढच्या रविवारी मात्र छोट्याने पुन्हा घुमट पुसला. हाताला सवयच लागली होती, दुसरे काय!

गेल्या हिवाळ्यात ताई गेली. तिचा फोटो लावायचा म्हणून छोट्या शोधायला बसला. ओळखपत्रावर एक होता. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. संगणकात माझे शेकडो फोटो निघाले. सगळे स्वच्छ. ना तार, ना बोटे. आपल्याच सफाईचा त्याला इतका राग आला की तो डोके धरून बसला.

मग त्याला प्रदर्शनातला फोटो आठवला. त्यातला घुमट त्याने मोठा केला. ताईचा चेहरा आला आणि आणखी मोठा करताच चौकटी-चौकटींत फुटून गेला. दोन दिवस तो झटत होता. मला बाजूला सारून नुसती ताई त्याला हवी होती, पण ती माझ्यातून सुटी होईना. अखेर त्याने पुढच्या खोलीत आख्खा फोटोच लावला. येणारे विचारतात, “ताईंचा फोटो कुठेय?” तो त्यांना जवळ नेतो, बोट ठेवतो. “ही काय, इथे बसलीय.”

मित्रांनो, माझा पंख कुणी जोडला नाही तरी माझी तक्रार नाही. तुम्हीही फोटो काढता, नको ते पुसता. खुशाल पुसा. पण त्याआधी मूळ फोटो जपून ठेवा. नको ते कोणते, हे त्या दिवशी कळत नाही हो.

परवाच्या रविवारी छोट्याने मला खाली उतरवले. सदऱ्याच्या टोकाने घुमट पुसला. काळे कापड लावले, दिवा ठेवला. एका हातात तार, दुसऱ्या हातात कॅमेरा. “हलू नकोस,” तो सवयीने म्हणाला. घुमटात त्याचाच चेहरा होता. फोटो हललेला आला. त्याने तो तसाच ठेवला, तारेसकट आणि हातासकट.