उत्तररंगाची कॅसेट आणि तीन पंच

माणूस खोटं बोलला तर देव एकवार माफ करील. पण खोटं बोलण्याआधी पूर्वरंग करणाऱ्याचं काय करावं, हे देवालाही ठाऊक नसावं. भिलाईतल्या नेहरू नगरच्या विद्याधररावांनी त्याला याच पेचात टाकलं.

प्रकरण एका कॅसेटचं. सत्त्याऐंशी साली दुर्गच्या एका देवळात कीर्तन झालं. बुवांनी पूर्वरंगात खोट्या साक्षीवर असं निरूपण केलं की खांब डोलावेत. मग हार पडला, बुक्का लागला, "आता उत्तररंगात कीर्तनात शिरलेल्या चोराची गोष्ट," असं बुवा म्हणाले आणि विद्याधररावांना उठावं लागलं. पोलादाच्या प्लान्टात दुपारची बी शिफ्ट. भट्टी कोणासाठी थांबते? पूर्वरंगाची कॅसेट त्यांना पुढे मिळाली, ऐकून ऐकून पाठ झाली. पण चोराचं काय झालं, हा काटा छत्तीस वर्षं रुतून बसला.

निवृत्तीनंतर त्यांना मोबाइलवर जुन्या कॅसेट जमवणाऱ्यांचा गट सापडला. सभासद दोनशे सात. तिथे 'सुवर्णध्वनी' नावाच्या विक्रेत्यानं त्याच उत्तररंगाच्या कॅसेटचा फोटो टाकलेला! अट एवढीच: आधी माझ्या दुकानाला तीन निराळ्या नावांनी पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहा, मग पार्सल.

देवघराकडे पाठ करून विद्याधररावांनी तीन खाती उघडली. विजयकुमार हे नाव मनानं सुचलं. मोना आणि टीना समोरच्या कोचिंग क्लासच्या गुणवंतांच्या पाटीवरून उचलल्या, टक्केवारी तेवढी तिथंच ठेवली.

पण हाडाचा कीर्तनवेडा! 'माल चांगला' लिहून भागेना. विजयकुमारनं आधी सद्गुरूंना वंदन केलं, मग नरदेहाचं महत्त्व सांगितलं, आणि कॅसेटच्या डबीवर आला तो चौथ्या परिच्छेदात. टीनानं पार्सल उघडण्याआधी त्याला हळदकुंकू वाहिलं. मोनानं शेवटी गजरच केला. गटात वाहवा झाली: 'टीनाताई, रोज लिहीत जा!'

आणि मग रोशन नावाच्या सभासदानं फटाका लावला: 'इथले अभिप्राय खोटे आहेत. चौकशी करा.'

गटानं मतदान करून सगळ्यांत विश्वासाचे तीन पंच नेमले. विजयकुमार, मोना आणि टीना.

सुवर्णध्वनीचा निरोप आला: 'निकाल माझ्या बाजूनं द्या. उद्याच कॅसेट.'

रविवारी सकाळी सुनावणी. एका हातात स्वतःचा फोन, दुसऱ्यात पत्नीचा, गीताबाईंचा, मांडीवर नातवाचा टॅब. गीताबाई चहा घेऊन आल्या.

"अहो, कोणाशी भांडून राहिले?"

"मोनाशी. ऐकूनच नाही राहिली."

"कोण मोना?"

"मीच."

"अन् माह्या फोनवर कोण हाय?"

"टीना. ते जरा समजदार हाय."

"मंग तिलेच विचारा, चहात साखर किती टाकू."

विजयकुमार म्हणे निर्दोष, टीना पुढची तारीख मागे. मोना मात्र अडून बसली होती. तिच्या तोंडी राहून राहून बुवांचाच पूर्वरंग येई: खोटी साक्ष देणाऱ्याची जीभ आधी गोड होते, मग जड. विद्याधररावांची बोटं थांबली. जीव त्या कॅसेटमध्ये अडकलेला. पण पूर्वरंग पायदळी तुडवून उत्तररंग ऐकायचा तो कोणत्या कानानं?

त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं: 'तिन्ही पंच मीच. विद्याधर, नेहरू नगर, भिलाई. हात जोडतो.'

मग रोशन बोलला: 'काका, मी बी रोशन नाही. मी नरेश, भिलाईच्याच कॅम्प-1 चा. माही सत्तेचाळीस खाती हायेत. भीमगीतांची कॅसेट देतो म्हणून या सुवर्णध्वनीनं मले बी लिहायले लावलं. चार महिने झाले, कॅसेट नाही.'

शेवटी सुवर्णध्वनी: 'उरलेले एकशे साठ मी. मारोतराव, अहिवारा. माझ्याकडे एकही कॅसेट नाही. चुकलो.'

एवढ्या भरल्या मंडपात माणसं तीन, आणि तिघंही तासाभराच्या अंतरावर! मारोतराव शरमेनं निघून गेला. पडद्यावर 'गटातून बाहेर पडले' अशा एकशे साठ ओळी उमटेपर्यंत चहा गार झाला.

दुपारी दारात स्कूटर थांबली.

"जय भीम काका. मी नरेश. ते फोटोतली कॅसेट माहीच होय. त्या मारोतरावानं मी काढलेला फोटो चोरला. आमचे बाबा, आनंदराव, रेल्वेत होते. सुट्टीच्या दिवशी देवळात माईक लावायचे. त्याहीनंच भरली."

"ये बापू, ये! बस."

नरेशनं आणलेली टेप सुरू झाली. चोर चपला न्यायला कीर्तनात शिरतो, कोणीतरी त्याच्याच हाती झांजा देतं, बिचारा वाजवत राहतो. बुवा थांबतात, विचारतात, "इथं चोर कोण?" आणि खर्रर्र! टेप तुटली.

"गेला!" विद्याधररावांनी कपाळ बडवलं. "पुन्हा निसटला चोर!"

"चोरानं हात वर केला," गीताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मंग सावकारानं. मंग राजानं. मंग साऱ्या मंडपानं. बुवा म्हणले, चोर लई झाले, आता आरती करून घ्या."

"तुले कसं माहीत?"

"मी तिथंच होती ना, बायकांत. डूटीवर तुमी गेले, मी थोडी गेली!"

"मंग छत्तीस वर्षं सांगितलं कावून नाही?"

"तुमी विचारलं कावून नाही?"

नरेशला हसू आवरेना. विद्याधररावांनी मुकाट्यानं फोन उचलला आणि आयुष्यातला सगळ्यांत छोटा अभिप्राय लिहिला: 'कॅसेट मिळाली. माणूस चांगला.' आणि तीन तारे दाबले.

"काका, तीनच?"

"टेप तुटते ना बापू."