‘शेतकरी’ नोंदलेला नाही

"हर्षाली, बाग दिसते, पण बागेचा शेतकरी कोण ते नाय सांगत हा," महेश गावित पडद्याकडे बघत म्हणाला.

पडद्यावर इंग्रजीत एकच तक्रार होती: ‘शेतकरी’ नावाचं मॉडेल, म्हणजे शेतकऱ्यांच्या माहितीचा साचा, नोंदलेलं नाही.

साल २००८. नाशकातल्या इंदिरानगरात पिठाच्या गिरणीच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. द्राक्षांची कुठली पेटी कुणाच्या बागेतली, हे सांगणारा प्रोग्राम आम्ही रुबी या संगणकभाषेत लिहीत होतो. दुपारी पुण्याच्या कंपनीचे लोक तो बघायला येणार होते. त्यांना पटला तर ऑफिस नाशकातच राहील, असं आमचे मालक यादवसर म्हणाले होते. नाहीतर कुलूप. महेशचा जीव त्यात अडकला होता. जन्मभर द्राक्षबागांत मजुरी केलेली त्याची आई, लंकाबाई, आता कुठे सुरगाण्याहून त्याच्याजवळ राहायला आली होती. "नाशकाच्या पुढं मी नाय यायची," असं तिने बजावलं होतं.

"काल तर चालत होतं," मी म्हणाले.

"काल लाईट गेली नव्हती." त्याने कपाळावर हात मारून घेतला.

प्रोग्रामसाठी आम्ही वापरत होतो ती तयार कोडची लायब्ररी मानपानवाल्या सासूसारखी होती. सुरुवातीलाच ओळख करून दिली नाही, तर ती मॉडेलला घरात घेत नसे. या महाशयांनी शेतकऱ्याची फाईल आठवड्यापूर्वी, प्रोग्राममध्ये न लिहिता, चालू सर्व्हरवर हाताने लोड केली होती आणि तेव्हापासून सर्व्हर बंदच केला नव्हता. भारनियमनात तो चालू राहावा म्हणून अख्खा इन्व्हर्टर त्याच्या दिमतीला. आज बॅटरीने मान टाकली, सर्व्हर नव्याने सुरू झाला आणि शेतकरी गायब.

"म्हणजे पंखे बंद ठेवून आम्ही तुझी चूक जपत होतो?"

"लय जपली," तो हसला. त्याने बागेच्या आधी शेतकऱ्याची फाईल लोड करणारी एक ओळ घातली.

प्रोग्राम चालला. पुण्याच्या लोकांना इतका आवडला, की त्यांनी तो विकत घेतला आणि सोबत महेशलाही मागितलं. यादवसरांनी होकार दिला, आणि महिन्याभरात ऑफिस बंद केलं. त्यांचा राग मला आजही येतो. त्या घामट दुपारींची आठवण मात्र त्याहून जास्त येते.

महेशचं पुण्याला जायचं ठरलं. गावी परत निघालेल्या लंकाबाईंना सुरगाण्याच्या जीपमध्ये बसवायला मीही गेले होते.

"तिकडं येळंवर जेवत जा," त्या महेशला म्हणाल्या.

"दिवाळीला येतो, आई."

जीपमध्ये चढल्यावर सवयीने आत सरकून त्यांनी शेजारी त्याच्यापुरती जागा केली. महेश खालीच उभा होता. ड्रायव्हरने त्या जागेवर दुसऱ्या बाईला बसवलं, तेव्हा कुठे लंकाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.