गुड्रुनचा झगा आणि घळीतला जबडा

नॉर्डालला जायचं म्हणजे माळावरून तासन्‌तास गाडी हाकायची, आणि आता रस्ता नक्की चुकला असं वाटायला लागलं की डाव्या हाताला जमीन एकदम फाटते. खाली घळी, राखेच्या रंगाच्या टेकड्या आणि काठावर उरलीसुरली घरं. रॅग्ना तिथलीच. लग्न करून शहरात गेली तेव्हा "सुटले बाई एकदाची!" म्हणाली होती. आता पासष्टी उलटल्यावर तीच धूळ तिला स्वप्नात दिसायची. माणसाचं काही खरं नाही.

या खेपेला मात्र ती नुसत्या आठवणीपायी आली नव्हती. आर्विडचा फोन आला होता. "जबड्याचं गाठोडं उघडतोय. यायचं तर ये, मागून बोंब मारू नकोस."

आर्विड तरुणपणी रॅग्नाच्या वडिलांच्या गुरांवर कामाला होता. हरवलेलं वासरू शोधायला घळीत उतरला आणि मातीतून दात दिसले, बदकतोंड्या डायनोसॉरचे. असलं हाड बाहेर काढून प्लॅस्टरमध्ये गुंडाळायचं एवढं गावाला ऐकून ठाऊक होतं. पण प्लॅस्टर शहरातून यायचं होतं आणि इकडे पश्चिमेला आभाळ काळंभोर झालेलं. एक जोराची सर, की जबडा चिखलात.

मग चर्चच्या बायकांनी खोचायला पदर नसला तरी बाह्या सरसावल्या. म्होरकी अर्थातच रॅग्नाची आई, गुड्रुन. चर्चमधला कॉफीचा भला मोठा हंडा काठावर आणला, चूल पेटवली, पिठाची खळ शिजवली आणि गोणपाटाच्या पट्ट्या तीत बुडवून जबड्यावर चोपडल्या. वरची बाजू झाली, जबडा उलटला, आणि पट्ट्याच संपल्या! गुड्रुन गाडीआड गेली ती नवऱ्याची कामाची विजार चढवूनच परत आली. हातात स्वतःचा रविवारचा झगा, हिरवा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिनं तो सगळ्यांदेखत टराटरा फाडला. पाद्रीबुवांना बिचाऱ्यांना कुठे बघावं कळेना. छोटी रॅग्ना भोकाड पसरून रडली होती, कारण आई त्या झग्यात फार सुंदर दिसायची.

एवढं करून पुढे काय, तर शहरातल्या तज्ज्ञांकडे असले जबडे ढिगानं पडलेले. त्यांना घाई नव्हती. उशिरा आलेलं प्लॅस्टर गावानंच वरून चढवलं आणि जबडा आहे तसा गावच्या बंद पडलेल्या स्टेशनात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, टेबलाखाली पडून राहिला. पोरं त्यावर बसून सँडविच खायची. मधल्या काळात रॅग्नाच्या माहेरच्या घराला आग लागली. माणसं वाचली, पण वस्तू एकही वाचली नाही. पाठोपाठ आई गेली, आणि तिचा साधा रुमालसुद्धा मागे राहिला नाही. जगात गुड्रुनचं म्हणून काही उरलं असेल तर त्या गाठोड्यातलं हिरवं कापड. त्यातली एक पट्टी मिळावी, एवढ्याचसाठी रॅग्ना आली होती.

हाडं साफ करणारी दारिया नावाची मुलगी उन्हाळ्यापुरती संग्रहालयात आली होती. तिनं करवतीनं कड कापली, आर्विडच्या मदतीनं वरचं प्लॅस्टरचं कवच उचललं, आणि आत हिरवा रंग चमकला. अगदी तसाच, ठिपक्यांसकट!

"आई गं," रॅग्ना म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली.

दारियाचा चेहरा मात्र पडला. "मध्ये कागद नाही घातला कुणी?"

"कसला कागद?" आर्विडनं विचारलं.

"हाडाला आधी ओला कागद लावायचा, मग कापड. म्हणजे चिकटत नाही."

"अगं पोरी, कागद चुलीसाठी ठेवायच्या त्या बायका! आणि घट्ट चिकटवणं हेच तर काम, असं वाटलं त्यांना. गुड्रुननं शिवलेलं बटण कधी तुटलं नाही, माहीत आहे?"

दारियानं कड हलकेच उचलून पाहिली. कोरडं सोललं तर कापड अख्खं निघेल, पण हाडाची साल आणि अर्धे दात घेऊन. कोमट पाण्यानं भिजवलं तर हाड वाचेल. कापड कुजलंय, त्याचा लगदाच हाती येईल.

आर्विडनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"सोल," तो म्हणाला.

"काय?" दारियानं विचारलं.

"सोल म्हणतो ना! घळीत हाडं काय, पावलागणिक आहेत. गुड्रुनचा झगा एकच."

रॅग्नाला खरंच मोह झाला. हात पुढे गेलाही तिचा. या माणसानं जन्मभर दुसऱ्याची गुरं राखली, बायको नाही, पोर नाही. त्याच्या नावावर जगात हा एवढा जबडा. आणि तो खुशाल सोल म्हणतोय.

"वेडा आहेस का तू?" ती एकदम कडाडली. "हे दात वाचावेत म्हणून तिनं चारचौघांत झगा फाडला. आता झग्यासाठी दात तोडले तर ती वरून खाली येऊन मला सोलेल! दारिया, पाणी तापव. आणि तो चिमटा इकडे दे."

"तुम्ही करणार?"

"मग काय तू? माझ्या आईचा आहे तो."

रॅग्ना बाह्या सारून बसली. ती कोमट पाण्याचा फडका ठेवायची, थांबायची, धागा उचलायची. ठिपके एकेक करून विरघळत होते आणि वाडग्यातलं पाणी हिरवं होत चाललं होतं. आर्विड समोर बसून पाणी बदलत होता.

खळ भिजली, मऊ झाली, आणि तिचा वास सुटला. आधी नुसता ओल्या पिठाचा, मग त्यामागून लवंगेचा. खळीला बुरशी धरू नये म्हणून आई तिच्यात लवंगेचं तेल घालायची, हे रॅग्ना साफ विसरून गेली होती. तिनं डोळे मिटले. आई अगदी जवळ उभी होती, हात खळीनं बरबटलेले, अंगावर बाबांची ढगळ विजार, कपाळावरचे केस कोपरानं मागे सारत. कुठल्याही पट्टीनं तिला एवढं जवळ आणलं नसतं.

रॅग्नाला रडू आवरेना. ती हमसून हमसून रडायला लागली.

"रड, खुशाल रड," आर्विड म्हणाला. त्याचाही आवाज फाटला होता. "फक्त तोंड जरा तिकडे कर. हाडाला मीठ चालत नाही."